वरच्या फळीवरचं नाव

"आई, नावं ठेवायची तेवढी ठेवा, पण कुणाचं नाव लिहू नका," असं सूनबाईनं मला बजावलंय. तेव्हा या लेखात एकाही माणसाचं नाव येणार नाही. लेख मात्र सगळा नावांवरच आहे. आमच्या पिढीच्या बायकांना हे काही जड नाही. नवऱ्याचं नाव न घेता आम्ही पन्नास-पन्नास वर्षं संसार केले. हाक मारायची वेळ आली की बांगड्या वाजवायच्या, नाहीतर मांजराला जोरात शुक् शुक् करायचं. नवरा वळून बघायचा, मांजर ढिम्म.

माझं माहेर शिनोलीचं. माहेरचं माझं नाव दोन अक्षरांचं, आणि त्याला मागून 'बाई' हे शेपूट. विठोबाच्या घरात रखुमाईच्या जोडीनं जिचं नाव घेतात, तिचं नाव. ते आधी माझ्या आजीचं होतं. तिच्या पश्चात घरात वाया जाऊ नये म्हणून ते मला दिलं, जुनं पातेलं कल्हई करून द्यावं तसं. देवाघरचं नाव, वाईट काहीच नव्हतं त्यात. पण गावातल्या पोरांना देवाचं काय पडलंय? भीमाशंकरची एस.टी. आमच्या गावावरून जाते. ती धुरळा उडवत गेली की शाळेच्या ओट्यावरची पोरं एका सुरात ओरडायची, "एस.टी. गेली, ही ऱ्हायली!" निकालाच्या दिवशी तर गुरुजींनी निकाल वाचायच्या आधीच माझा निकाल लागलेला असायचा, "ही तर ऱ्हायलीच." मी एकदाही नापास झाले नाही, पण सात वर्षं दर साली राहिले.

गुरुजी पुण्याकडचे. त्यांच्या बायकोच्या नावात एक जोडाक्षर होतं. ती पातळ पाचवारी नेसायची, मासिकं वाचायची, आणि तिला कुणी "अगं ए" म्हणत नसे. या सगळ्याचं कारण ते जोडाक्षर, असा शोध मी सतराव्या वर्षी लावला. तिची मासिकं मागून आणून मी वाचायची, ती गोष्टींसाठी नव्हे, नायिकांच्या नावांसाठी. त्यात मला एक सापडलं. अर्थ चांदणं. मध्ये तीन अक्षरांची अशी चेंगराचेंगरी की वाचतानाच माणूस पुण्याला पोचावं. लग्नात नाव बदलतात हे मला ठाऊक होतंच. म्हटलं, आपण आता हेच व्हायचं. नवरा कसा आहे, जमीन किती आहे, सासू कशी आहे, यातलं काही मी कुणाला विचारलं नाही. माझी सगळी काळजी त्या जोडाक्षराची.

सासूबाईंनी माझ्यासाठी आधीच गावदेवीचं नाव ठरवलेलं. मला ते कळल्यावर मी मावसबहिणीच्या हातून नवरदेवाला चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत दुसरं काही नाही, नुसतं ते नाव, ठळक अक्षरात, दोनदा. बोहल्यावर चढायच्या आधी नवऱ्याला पाठवलेलं माझं हे एकमेव प्रेमपत्र.

अवसरीला सासरच्या घरात पाऊल टाकलं, माप ओलांडलं, आणि पाटावर बसून नाव लिहायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्याच्या हातात अंगठी, भोवती वीस-पंचवीस बायका वाकलेल्या. यांनी टोपीच्या घडीतून चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवली आणि लिहायला घेतलं. पहिलं अक्षर उमटलं. मग मधली गर्दी आली. तांदूळ म्हणजे काही पाटी नव्हे. वरचं अक्षर काढलं की खालचं बुजायचं, खालचं काढलं की वरचं ढासळायचं. तीनदा पुसून तीनदा लिहिलं. तांदूळ ताटाबाहेर सांडले, यांच्या कपाळाला घाम आला.

"नाव लिवतोय का भात पसरतोय?" सासूबाई म्हणाल्या.

शेवटी यांनी मधलं सगळं गाळलं आणि पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून मोकळे झाले. जे उमटलं ते चांदणं नव्हतं, डोकेदुखीवरच्या गोळीचं नाव वाटावं असं काहीतरी होतं. बायकांनी ते वाचायचा प्रयत्न केला आणि एकमेकींकडे बघितलं. सासूबाईंनी तांदूळ हातानं सारखे केले. "ऱ्हाऊ द्या. आमी आपलं हिला धाकली म्हनू." झालं. जन्माची मी धाकली झाले. थोरल्या जाऊबाई वेगळ्या राहायला गेल्या, घरात एकटी मीच उरले, तरी धाकलीच.

तरीही ते चांदणं मी सोडलं नाही. वापरायला मिळालं की वापरायची. मंचरला कापडाचं एक जुनं दुकान होतं. मालक मारवाडी जैन, तीन पिढ्या इथंच, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. बाजाराच्या दिवशी बायका गाठोडी त्यांच्या दुकानात ठेवून पुढच्या खरेदीला जायच्या. गाठोड्यावर लावायला चिठ्ठी म्हणून ते नाव विचारायचे. मी माझं सगळं नाव सांगितलं, जोडाक्षर न चुकवता. शेठजींनी मान वर केली. "पुण्याच्या का?" मी म्हटलं, "हो." एका शब्दात शिनोली आणि अवसरी दोन्ही बुडवली. लगेच त्यांनी वरच्या फळीवरच्या साड्या खाली घ्यायला लावल्या, रेशमी काठाच्या. माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, तिच्या नावाला 'बाई'चं शेपूट. तिच्यासमोर न विचारता खालच्या फळीवरची लुगडी आली. मी अशी ताठ बसले, जशी काही ती फळी माझ्या वडिलांनी ठोकलेली. तेवढ्यात हे दारात आले, चपला चिखलानं भरलेल्या, खांद्यावर पेंडेचं पोतं. "धाकले, म्हशीचं दावं घेतलंस का इसरलीस?"

शेठजी चांगले होते. साड्या त्यांनी लगेच वर ठेवल्या नाहीत. थोडं थांबून ठेवल्या.

त्या दिवसापासून जगातली सगळी नावं माझ्या डोक्यात दोन फळ्यांवर लागली. लग्नपत्रिका आली की मुहूर्त नंतर, आधी नावं. नवरीचं नाव वरच्या फळीवरचं असलं की मी ठरवायची, जेवणात जिलेबी असणार. खालच्या फळीवरचं असलं की बुंदी. लेक झाली तिला मी असं नाव ठेवलं की म्हणताना ओठ गोल करावे लागतात. गावानं ओठ गोल केले नाहीत, तिला बाळी म्हटलं. ती आता जुन्नरला शाळेत शिकवते. ती सांगते, जूनमध्ये हजेरीपट हातात आला की मुलांची नावं वाचूनच घरं डोळ्यासमोर येतात, आणि दिवाळीपर्यंत सगळी चुकीची निघतात. मास्तरणीला एवढं कळतं. तिच्या आईला कळायला सून यावी लागली.

मुलासाठी स्थळं बघत होतो तेव्हा जुन्नरकडचा एक बायोडाटा आला. मुलीचं नाव मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हिंदी मालिकेतल्या बंगल्यात जिन्यावरून उतरणाऱ्या बाईचं नाव. मी यांना म्हटलं, ही पोरगी पोहे काट्यानं खाणार, आपल्याला नमस्कार लांबून करणार. वरच्या फळीचा मला हव्यास होता खरा, पण तिथून कुणी माझ्या स्वयंपाकघरात उतरावं एवढा नव्हता. बघायला गेलो तर कांदे साठवायच्या चाळीपुढं ट्रॅक्टर आणि वर ही पोरगी, डोक्याला फडकं बांधून, ट्रॉली मागं घेत होती. आम्हाला बघून ओरडली, "पावणं, बाजूला व्हा, चाकाखाली याल." तिचं नाव वडिलांनी मालिका बघून ठेवलेलं. मालिका कधीच संपली, नाव उरलं. लग्नात तिचं नाव बदलायचं नाही हे मीच सांगितलं. लोकांना वाटलं, सासू किती पुढारलेली. खरं कारण असं की तांदळाचं ताट बघितलं की मला अजून घाम येतो.

ही सून नोकरीनिमित्त मुलासोबत पुण्यात राहते, पण घरातले सगळे कागद तिच्या ताब्यात आहेत. माझ्या चांदण्याची तीन कागदांवर तीन रूपं आहेत. आधार कार्डावर एक, बँकेच्या पासबुकात दुसरं, रेशन कार्डावर तर तांदळातलंच. "आई, हे एकसारखं करून घेऊ," म्हणत तिनं माझ्या वडिलांच्या नावावरून शोधून शिनोलीच्या शाळेतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला. वाचला आणि विचारलं, "आई, वडिलांचं नाव तुमचंच, गाव तुमचंच. पण ही मुलगी कोण?"

खरं सांगायला माझं काय जाणार होतं? पण ट्रॅक्टरवाल्या का होईना, पुण्यात राहणाऱ्या सुनेपुढं मी एकदम ओट्यापुढची पोरगी झाले. एस.टी. गेली, धुरळा उडाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "ती माझी थोरली बहीण. लहानपणीच गेली. शाळेनं तिचाच दाखला दिला वाटतं."

सुनेनं हळहळ केली. कशानं गेली, विचारलं. मी म्हटलं, तापानं. कशी होती, विचारलं. आता खोटी बहीण रंगवताना हात आखडता कशाला घ्यायचा? गोरी होती, हुशार होती, लांबसडक केस होते, गाणी म्हणायची, आणि माझ्यावर फार जीव होता. बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. हे पलीकडं बाजेवर बसून सगळं ऐकत होते. रात्री जेवताना ताटात बघत म्हणाले, "तुझ्या भनीचं वर्षसराद कधी असतंय? न्हाई, म्हंजी कावळ्याला घास ठेवाया बरं."

दाखला चुकीचा ठरल्यानं कागद तसेच राहिले. यांच्या टोमण्यांना मात्र धार आली. आंबा गोड निघाला की बहिणीला आवडला असता. भाजी खारट झाली की बहिणीच्या हाताला चव होती म्हणे. पुढं सुनेला दिवस गेले आणि नात झाली.

सवा महिना झाल्यावर ती माहेराहून बाळ घेऊन आमच्याकडं आली आणि बारसं अवसरीला करायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी मी दारातून बघितलं, ती बाळाला मांडीवर घेऊन हळूच काहीतरी म्हणत होती. तेच तेच, पुन्हा पुन्हा. जवळ गेले तर ते माझं नाव होतं. शेपूट नाही, धुरळा नाही, नुसती दोन अक्षरं, दुधाच्या वाटीत बोट बुडवावं इतकी हलकी.

"आई, हे नाव ठरवलंय आम्ही. तुमच्या ताईचं," ती म्हणाली. "मोबाइलवर बघितलं, हिंदीत याचा अर्थ वाटसरू होतो. आमच्या सोसायटीत एक आहे या नावाची, तिची आई डॉक्टर आहे. सगळ्या म्हणतात, किती वेगळं आणि गोड नाव आहे."

म्हणजे ते नाव वरच्या फळीवर जाऊन बसलं होतं. ज्याला झाकायला मी जोडाक्षर आणलं, नवऱ्याला घाम फोडला, शेठजींशी खोटं बोलले, ते माझ्याशिवाय एकटंच पुण्याला पोचलं होतं, तेही डॉक्टरच्या घरी. मला हसू आलं, आणि त्याच वेळी जन्मात पहिल्यांदा ते नाव कुणीतरी तसं म्हणावं असं वाटलं. मला नको, आता काय उपयोग. पण त्या मांडीवरच्या पोरीला कुणी ते पुसून दुसरं देऊ नये, एवढं मला मनापासून हवं झालं.

आणि पुसायला निघाली ती माझीच लेक. बारशाच्या दिवशी पाळणा सजला, बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या. नाव सांगायचा मान आत्याचा. वहिनीनं आत्याच्या कानात नाव सांगितलं, कुणाचं तेही सांगितलं. लेकीचा चेहरा उतरला. ती वहिनीला बाजूला घेऊन समजावू लागली, पण आमच्या घरात बाजूला म्हणजे तीन पावलं, सगळ्यांनाच ऐकू गेलं. तिचं म्हणणं होतं, तापानं गेलेल्या पोरीचं नाव कोवळ्या बाळाला कुणी ठेवतं का? जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एकीनं तर गेलेलं माणूस नावामागं कसं येतं ते सांगायला सुरुवात केली. लेक हट्टाला पेटली.

"मेलेल्या पोरीचं नाव मी बाळाच्या कानात सांगणार नाही. दुसरं काढा," ती म्हणाली.

मुलानं खिशातून मोबाइल काढला. त्याच्याकडं दुसरी नावं होती, ढीगभर. सुनेनं बाळाच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. ते बघून मला कळलं की आता मी गप्प बसले तर ते नाव पुन्हा जाणार, या वेळेला कायमचं. आणि बोलले तर गावभर हसू होणार. अंगणात पुरुष मंडळी बसलेली, आत पंचवीस बायका. तांदळाच्या ताटाभोवती होत्या तेवढ्याच.

"ती मेलेली नाही," मी म्हटलं.

लेक म्हणाली, "मग आहे कुठं?"

"इथंच आहे. घुगऱ्या वाटतेय."

दोन क्षण कुणालाच कळलं नाही. मग माझ्या हातातल्या पातेल्याकडं आणि तिथून माझ्या तोंडाकडं सगळ्या बघायला लागल्या. मी पातेलं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. आजीचं नाव, एस.टी., गुरुजींच्या बायकोचं जोडाक्षर, चिठ्ठी. मी तांदळाशी आल्यावर बायका ज्या हसल्या त्या थांबेनात. आता जगात नसलेल्या सासूबाईंचं वाक्य एका म्हातारीनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिला पन्नास वर्षं ते पाठ होतं, आणि मला वाटत होतं सगळे विसरले.

अंगणातून यांचा आवाज आला, "झाली का जित्ती तुझी भईन?"

सून डोळे मोठे करून माझ्याकडं बघत होती. "म्हणजे आई, गोरी, हुशार, लांबसडक केस…"

"तेवढं खरं आहे," मी म्हटलं.

लेक माझ्यावर चिडली होती, पण हसूही आवरत नव्हतं. ती म्हणाली, जिवंत आहे तर माझी हरकत नाही, पण आजीसारखी खोटारडी निघाली तर मला बोलायचं नाही. मग ती पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं आणि माझं नाव बाळाच्या कानात सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. दोन-तीन धपाटे माझ्याही पाठीत पडले, ते रिवाजाबाहेरचे, आणि चांगले जोरात.

पुढं सुनेनं कागद पुन्हा काढले. विचारलं, "आई, आधारवर आता कुठलं नाव लावू?" मी म्हटलं, चांदणंच राहू दे, नीट जोडाक्षर घालून. एका घरात एकाच नावाच्या दोघी झाल्या तर लोक हाक मारायच्या आधी वय विचारतील. शिवाय ते जोडाक्षर मी फार कष्टानं मिळवलंय. तीन अक्षरांची ती गर्दी टाइप करताना सुनेलाही दोनदा पुसावं लागलं. मी शेजारी बसून बघत होते. फार बरं वाटलं.

बारशानंतरच्या रविवारी दुपारी मुलगा, सून आणि बाळ गाडीनं पुण्याला निघाले. मी फाटकाशी उभी होते. सुनेनं बाळाचा हात काचेतून हलवला, गाडी वळली, मंचरच्या रस्त्याला लागली. मागं थोडा धुरळा राहिला.

हे बाजेवरून उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिनोलीच्या पोरांचं ते ओरडणं यांनी बारशाच्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि मला सांगितल्याचा पश्चात्तापही झाला होता.

"गाडी गेली," हे म्हणाले, "ही ऱ्हायली."

"राहिले म्हणून चहा मिळतोय तुम्हाला," मी म्हटलं आणि आधण ठेवायला आत गेले.